मोजा

मानसतज्ज्ञ बाई फेरीबोटीनं येतात,
एक आड एक बुधवारी. वारा सुटला तर नाहीच.
हीउमा बेटावर नोव्हेंबरातला बिनवाऱ्याचा बुधवार
मला तरी आठवत नाही.

त्यांचा तक्ता मात्र आला, टपालानं.
मूल तासाभरात किती वेळा कान झाकतं: मोजा.
जागेवरून किती वेळा उठतं: मोजा.
मी वर्गातली मदतनीस. बुटक्या खुर्चीवर
गुडघे हनुवटीशी घेऊन मोजत बसले.

तावेत, वय आठ.
घंटा व्हायच्या आधीच कान झाकायचा,
कधी दहा मिनिटं आधी, कधी अख्खा गणिताचा तास.
एका हातात पेन्सिल, दुसरा उजव्या कानावर,
मग डाव्या कानाचं काय?
तो कान खांद्यात खुपसून लिहायचा.
आकडे सगळे एका बाजूला कललेले,
लाटेवरच्या उतारूंसारखे.

पहिल्या आठवड्यात मी त्याचे हात धरून खाली ओढले होते.
काही होत नाही रे, घंटाच तर आहे.
हे तक्त्यात नाही.
तिथे तसा रकाना नाही.

शिपाई ऊर्मास भट्टीत लाकडं सारताना बघत होता.
बोलला काही नाही, तो बोलतच नाही फारसा.
दुसऱ्या दिवशी घंटा नुसतीच 'थड्' झाली.
जाऊन बघते तर लोळ्याला मोजा:
राखी लोकर, टाचेशी लाल पट्टा, त्याच्या बायकोच्या हातचा.
हे काय? तर म्हणाला,
थंडी आहे. तिलाही वाजत असेल.

(लेलोचं वेगळंच. तिचे बी आणि डी
पोट कुणी कुणीकडे करायचं यावरून अजून भांडतात.
ज्युनिपरच्या लाकडातून मी दोन्ही अक्षरं तासून दिली.
डोळे मिटून चाचपते तेव्हा चुकत नाही,
उघडले की पुन्हा घोळ.
लाकडाचा वास येतो म्हणून ती त्यांना रात्री उशाशी घेते.
हेही मी कुठे लिहिलेलं नाही.)

मार्चमध्ये अहवाल आला. सही, शिक्का.
'श्रवण-उद्दीपन कमी करावे, असे सुचविण्यात येते.'
तोवर मोज्याची टाच झिजून भोक पडलं होतं,
ऊर्मासची बायको दुसरा विणायला बसली होती.
मुख्याध्यापिका माइमू अहवाल वाचून हसल्या नाहीत.
फायलीला लावला, आणि लोकरीचे पैसे
'शैक्षणिक साहित्य' या खात्यावर टाकले.

मग मे. रात्री दहापर्यंत रेंगाळणारा उजेड.
तावेत ऊर्मासपाशी गेला,
त्याच्या बुटांकडे बघत म्हणाला, मोजा काढ.

का रे?

आवाजाचं नाही काही.
कधी येणार ते कळत नाही, त्याचं आहे.
वाजवणाऱ्याला कळतं.

सात महिने. बावीस तक्ते, दोन्ही बाजूंनी भरलेले.
आणि हा एवढा प्रश्न
त्याला कुणी विचारला नव्हता.
कुणी म्हणजे मी.

बारा वाजून दहाला, ऊर्मास म्हणाला,
आणि दोरी त्याच्या हातात दिली.
तावेत घड्याळासमोर उभा,
दोन्ही मुठी दोरीला, कान उघडे, लालबुंद.
दारादारांतून डोकी बाहेर आलेली.
माइमूबाईंच्या हातातला खडू तसाच हवेत.

वाजली. खणखणीत वाजली.
छपरावरचे समुद्रपक्षी उडाले,
आणि कान झाकले ते ऊर्मासनं.

आता बारा दहाची रोज त्याची.
नवाची, पावणेदहाची, बाकीच्या सगळ्या
अजून मोजा घालूनच होतात.
काल मी विचारलं, अजून एखादी घेतोस?
त्यानं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे नाही,
माझ्या बटणाकडे.
एकच, म्हणाला.
घाई नको करूस.